सुनंदाची आई काय म्हणाली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही. बहिणीला तर नाहीच — तिला सांगितलेलं सगळं लहानपणापासून आईपर्यंत पोचायचं. आई गेली तरी माझी बहिणीसमोर जपून बोलायची सवय गेली नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. रस्त्यात दिसलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही.

लोक मला चांगली बाई समजतात, हेही आधीच सांगून ठेवते. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुली अजून भेटायला येतात, वाकून नमस्कार करतात. मी त्यांना सांगायची, भाषांतर करताना दुसऱ्याचं वाक्य हे दुसऱ्याचं असतं, त्यात आपलं घुसडायचं नाही. हे सांगताना माझा आवाज एकदाही कापला नाही.

आमची शाळा सदरमध्ये, फक्त मुलींची. आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. मी नववीत होते. जानेवारीत श्रीलंकेहून आठ मुली आणि त्यांच्या एक शिक्षिका बारा दिवसांसाठी आल्या. शेजारच्या देशांतल्या मुलींनी एकमेकींच्या घरी राहावं, एकमेकींचं खावं, एकमेकींच्या वर्गात बसावं, अशी ती योजना होती. शाळेत तिला सगळे नुसतं एक्स्चेंज म्हणायचे. त्या आठजणी आमच्या घरांत राहणार, आणि मे महिन्यात आमच्यातल्या चौघी त्यांच्या घरी जाणार.

कुणाच्या घरी पाहुणी ठेवायची ते आमच्या शाळेतल्या बाईंनी घरं पाहून ठरवलं. वेगळी खोली हवी, संडास घरात हवा. आमचं धरमपेठेतलं घर लगेच पसंत पडलं. वडील वकील, अंगण, मागे गच्ची. आमच्याकडे निलमिनी आली.

सावळी, दोन लांब वेण्या, पांढराशुभ्र गणवेश. जेवली की न सांगता आपलं ताट विसळायची, त्याचं आईला फार कौतुक. तळहाताएवढी बुद्धाची तसबीर तिनं सोबत आणली होती. सकाळी ती खिडकीत ठेवून डोळे मिटून बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही गच्चीवर उन्हात तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होतो, तेव्हा तिनं मला तिच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी टीबीनं गेली. घरच्यांनी आधी लपवलं होतं — लग्न मोडेल म्हणून — आणि लपवण्यात वेळ गेला. निलमिनी तिच्याच खोलीत झोपायची, तिच्या खोकण्यानं जागी व्हायची आणि कुणाला सांगायची नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं. ह्या गावात दुसऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

सुनंदा माझ्या वर्गातली. इंदोऱ्याला राहायची. वडील गिरणीत कामाला. तिच्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. लिहिण्यात तिचं इंग्रजी वर्गात सगळ्यांत पुढे होतं, माझ्याही. पण बोलायला उभी राहिली की तिची जीभ अडकायची. बोलण्यात मी पुढे. त्यामुळे मला ती कधी खुपली नाही — म्हणजे तेव्हापर्यंत. आम्ही डबा एकत्र खायचो? नाही. शेजारी बसून आपापला खायचो.

एके दिवशी मधल्या सुट्टीत निलमिनी कडुनिंबाखाली बसून हळू आवाजात पालीतली वंदना म्हणत होती. बुद्धं सरणं गच्छामि — आणि सुनंदानं पुढची ओळ म्हटली. मग तिच्या पुढची. दोघींचे उच्चार थोडे वेगळे, चालही वेगळी, तरी शब्द तेच. म्हणून झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग निलमिनीनं तिचे दोन्ही हात धरले. माझं तेवढं इंग्रजी, माझी ती वेगळी खोली, आईनं मुद्दाम केलेलं गोडाधोडाचं — आणि निलमिनीला सुनंदानं काही न करता जिंकलं होतं. मी डबा घेऊन बाजूला उभी होते. त्या दिवसापासून शाळेत आलं की निलमिनी आधी सुनंदाला शोधायची.

त्याच आठवड्यात मेमध्ये जाणाऱ्या चौघींची नावं लागली. सुनंदा दुसरी. माझं नाव चौघींच्या खाली, एक रेघ मारून, रेघेखाली. कुणी गळालं तर. सुनंदा निलमिनीकडेच राहणार, असं निलमिनीनं स्वतः तिच्या बाईंना सांगून ठरवूनही टाकलं होतं.

आता त्या रविवारचं सांगते.

सुनंदाच्या आईनं निलमिनीला जेवायला बोलावलं. मला सोबत जायचं होतं, कारण त्या घरात इंग्रजी कुणाला येणार? निघताना आई म्हणाली, जा, पण तिथे काही खाऊ नकोस, तुझं पोट नाजूक आहे. आमचं घर पुढारलेलं होतं. जातीचं नाव कुणी काढायचं नाही, पोटाचं काढायचे.

दोन खोल्यांचं घर, शेणानं ताजं सारवलेलं. दाराशी पांढरी रांगोळी. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांना झेंडूचे हार. शेजारून एक खुर्ची आणलेली होती. ती निलमिनीला दिली तर ती खाली चटईवर सुनंदाला चिकटून बसली. सुनंदाच्या आईनं वडाभात केला होता, वर तेलाची फोडणी. निलमिनी हातानं कालवून मनापासून जेवली, दोनदा मागून घेतलं. मी म्हटलं, माझा उपास आहे. रविवारी कसला उपास, असं त्या बाईनं विचारलं नाही. तिनं माझ्यापुढे दोन केळी ठेवली. तीही मी खाल्ली नाहीत.

जेवणं झाली आणि बाहेर ओरडा झाला, नळ आला. सुनंदा घागर घेऊन पळाली. तिचे वडील पाळीला गेलेले. घरात आम्ही तिघीच राहिलो.

तेव्हा सुनंदाची आई निलमिनीसमोर येऊन बसली. ठेंगणी, बारीक बाई, नऊवारी नेसलेली. तिनं निलमिनीचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तिले सांग वं पोरी. मायी सुनंदा कधी मले सोडून राहिली नाही. लहानपणी तिच्या छातीत लय कफ भरे, आता काही नाही, चांगली ठणठणीत हाये. फक्त थंड पान्यानं आंग धुतलं का खोकते. तिच्या मायले म्हणा, माया पोरीले गरम पानी देजा. येवढंच सांग."

"छातीत" म्हणताना तिनं दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला होता. आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी बोटीनं परदेशी जाणार, एवढ्याचंच ते पाणी. निलमिनीला हात दिसला, पाणी दिसलं, शब्द कळले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी विचार केला का? खूप लोक म्हणतात, तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडातून काही निघून गेलं नाही. मी वाक्य जुळवलं. व्याकरणासकट जुळवलं. मी इंग्रजीत म्हणाले, त्या म्हणतात की सुनंदाला टीबी आहे. रक्त पडतं. घरच्यांनी शाळेपासून लपवलंय. त्या तुझ्या पाया पडतात, तूही कुणाला सांगू नकोस.

निलमिनीचा चेहरा मी बघत होते. तो कसा पांढरा पडत गेला ते मी पाहिलं आणि — हे लिहायला मला वेळ लागतोय — मला बरं वाटलं. कडुनिंबाखाली उभी असल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

तिनं हात सोडवून घेतला नाही. उलट त्या बाईचा हात आणखी घट्ट धरला आणि रडायला लागली. सुनंदाच्या आईला वाटलं, आपल्या बोलण्यानं पोरीला तिची माय आठवली. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नको वं माय," म्हणत राहिली. मी मध्ये बसले होते. त्या दोघींच्या मध्ये ये-जा करायला माझ्याशिवाय दुसरी वाट नव्हती.

सुनंदा भरलेली घागर घेऊन आली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, घरची आठवण.

निलमिनी लपवणार नाही, हे मला ठाऊक होतं. लपवण्यातच तिची बहीण गेली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं तिच्या बाईंना सांगितलं, त्यांनी आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "तू होतीस तिथे. तिची आई खरंच असं म्हणाली?"

इथे थांबता आलं असतं. नीट कळलं नाही, त्यांची बोली वेगळी आहे, घोटाळा झाला असेल — एवढं पुरलं असतं. मोठ्या बाईंचा चेहरा सांगत होता की त्यांना असंच काहीतरी ऐकायचंय. मी म्हणाले, "हो बाई." आणि जरा थांबून म्हटलं, "मला सांगायचं नव्हतं."

सुनंदाचं नाव कापलं. कारण बाहेर सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे तीन दिवसांत सगळ्या वर्गाला कळलं. बाकावर तिच्या शेजारची मुलगी पुढच्या बाकावर जाऊन बसली. शाळेच्या नळावर ती प्यायली की मुली तोटी धुवून घ्यायला लागल्या. तोटी धुणं आमच्या काही मुलींना नवीन नव्हतं, पण आता त्यांना त्यासाठी सभ्य कारण मिळालं होतं. मीही धुतली. तिच्यादेखत.

निरोपाच्या दिवशी स्टेशनवर सुनंदा पुढे आली, हात पुढे केला. निलमिनीनं दोन पावलं मागे घेऊन लांबून हात जोडले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती जवळ आली नाही. गाडी गेल्यावर सुनंदा मला म्हणाली, "तिले कोणी आमच्याबद्दल सांगितलं का वं? आम्ही कोण आहोत ते?" शाळेत ती आमच्यासारखं बोलायची, त्या दिवशी घरचं बोलली. मी म्हटलं, मला नाही माहीत.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. मोठ्या बाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी पोरीला मेडिकलला, सरकारी दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढून आणला. ती मोठी काळी फिल्म त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, यादी दिल्लीला गेली. आता काही करता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी ती योजना नव्हती.

मी वर्गातून निघाले तर ते व्हरांड्यात उभे होते. गिरणीतला निळा सदरा, हातात ती फिल्म, उजेडाकडे धरून बघत होते. त्यातलं त्यांना काय कळणार? पण डॉक्टरनं स्वच्छ म्हटलं होतं, म्हणून ते स्वच्छ बघत होते. मला ओळखून म्हणाले, "बाई, तू होती ना त्या दिवशी घरी? हिची माय काय बोलली त्या पोरीपाशी?"

आतापर्यंत जे सांगितलं ते तुम्ही एखाद्या वेळी पोटात घालाल. चौदा वर्षांची पोर, मत्सर, जागा हवी होती. पण ती जागा मला मिळालेली होती. माझं नाव रेघेच्या वर आलं होतं. ह्या माणसाशी खोटं बोलून मला आणखी काहीही मिळणार नव्हतं.

मी म्हटलं, "काका, काकूच छातीचं बोलल्या. छातीवर हात ठेवून रडल्या. त्यावरून तिनं काय समजायचं ते समजली. काकू बोलल्या नसत्या तर काही झालं नसतं."

त्यांनी फिल्म खाली केली. पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, हळूहळू, कडा दुमडून. मला म्हणाले, "बरं बाई." आणि गेले.

मी शेवटी कबूल करायला आले ते हेच. सुनंदाची जागा घेतली, ती घेतलीच. पण तिच्या आईच्या हातात मी जे दिलं ते घेऊन ती बाई पुढे जगली. त्या माणसानं घरी जाऊन काय म्हटलं असेल? कशी बोलली तू? काहून बोलली? आणि ती काय म्हणाली असेल? ती छातीचं बोलली होतीच. हात ठेवला होताच. डोळ्यांत पाणी होतंच. तिला नाकारता येईल असं माझ्या वाक्यात मी काही ठेवलं नव्हतं.

मेमध्ये मी गेले. मद्रासपर्यंत गाडी, पुढे रामेश्वरम, मग बोट. निलमिनीचं घर डोंगराच्या उतारावर होतं. सुनंदासाठी मांडलेल्या पलंगावर मी झोपले. निलमिनीची आई रोज संध्याकाळी दिवा लावून त्या न पाहिलेल्या मुलीसाठी काहीतरी म्हणायची. निलमिनी मला सांगायची, हे सुनंदासाठी. मी हात जोडून बसायची. निघताना त्या माउलीनं कसल्याशा मुळ्या कापडात बांधून दिल्या, उकळून प्यायला द्या म्हणून, आणि निलमिनीनं सुनंदासाठी एक पत्र दिलं. ते मी बोटीवर फोडलं. माफ कर, तुझ्या आईनं पाया पडून सांगितलं तरी मी गप्प बसू शकले नाही, माझी बहीण अशीच गेली — असं त्यात होतं. पत्र आणि मुळ्या मी समुद्रात टाकल्या. नंतर दोनदा माझ्या पत्त्यावर सुनंदासाठी पत्रं आली. दोन्ही मी फाडली आणि निलमिनीला उत्तर लिहिलं की सुनंदाला आता आराम आहे, पण तिला तो विषय नको वाटतो.

सुनंदानं दहावीनंतर टायपिंग केलं आणि पोस्टात लागली. आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. मी शिकवायला लागून दोनेक वर्षं झाली असतील, एकदा सदरच्या पोस्टात रजिस्टर करायला गेले तर खिडकीच्या आत ती. तिनंच ओळखलं. जेवणाची सुट्टी होत होती, ती बाहेर आली, आम्ही जिन्याखाली उभ्या राहिलो. चांगली दिसत होती. लग्न झालेलं, एक मुलगी. आई मागच्या हिवाळ्यात गेली म्हणाली.

मग सहज बोलल्यासारखं बोलली. आई शेवटपर्यंत पाहुण्यासमोर तोंड उघडत नसे. सुनंदाचं लग्न ठरवायला लोक आले तर आत जाऊन बसली, म्हणाली, माया तोंडानं एकदा हिचं वाटोळं झालं, आता मी नाही बोलत. बाबाही पहिली दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नव्हते. "मी पण नाही बोलले," सुनंदा म्हणाली. "मी तर चार वर्षं नाही बोलले. मले राग होता ना."

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या पाहण्यात संशय नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "एक विचारू का? तिथं तू एकटीच होती. माय त्या दिवशी खरंच काय म्हणाली होती?"

लोक जिना चढत-उतरत होते. तिच्या हातात डबा होता, अजून उघडलेला नव्हता.

मी म्हटलं, "खूप वर्षं झाली गं. मला आता आठवत नाही."

"हो," ती म्हणाली. "लहानच होतो आपण."

तिनं मला डबा खायला बोलावलं. मी म्हटलं, मला उशीर होतोय.